साचलेलं काम

अमेरिकेतल्या अनेक मोठ्या हॉटेलांत आता खोली रोज आवरली जात नाही. चेक-इन करतानाच काउंटरवर सांगतात, किंवा टेबलावरच्या कार्डावर छापलेलं असतं: सफाई हवी असेल तर आधी कळवा, टॉवेल लागले तर फोन करा, कचऱ्याची पिशवी भरली की दाराबाहेर ठेवा. मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला गेलेले आणि तिथून चार-पाच दिवस लास व्हेगास किंवा हवाई बघायला निघालेले मराठी आईवडील हे पाहून गोंधळतात. रात्रीला तीनशे-चारशे डॉलर भाडं, वर ‘रिसॉर्ट फी’ म्हणून आणखी चाळीस-पन्नास डॉलर, आणि दिवसभर हिंडून परतावं तर पलंग सकाळी सोडला तसाच, बाथरूममध्ये कालचेच ओले टॉवेल. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: कोरोनापासून हीच पद्धत आहे. हे उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. कोरोना हे या बदलाचं निमित्त होतं. कारण वेगळंच होतं. आणि या बदलात नेमकं काय कमी झालं, याबद्दल पाहुण्यांचा जो समज होतो तोही तपासून पाहायला हवा. पाहुण्याला सेवा कमी झालेली दिसते. त्या सेवेमागचं काम मात्र त्या प्रमाणात कमी झालेलं नाही. त्यातलं थोडं पाहुण्याकडे आलं, आणि बरंचसं साचत राहून शेवटच्या दिवशी, कमी माणसांच्या अंगावर एकदम पडू लागलं. खरोखर घटले ते पगाराचे तास.

सुरुवात कशी झाली ते आधी पाहू. २०१९ मध्ये हवाई बेटांवर १ कोटी ४ लाखांच्या आसपास पर्यटक आले होते. २६ मार्च २०२० पासून तिथल्या राज्य सरकारने बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला १४ दिवस विलगीकरणात राहणं सक्तीचं केलं आणि वर्षाअखेर पर्यटकांचा आकडा २७ लाखांवर येऊन थांबला. वायकिकीच्या किनाऱ्यावरची हजारो खोल्यांची हॉटेलं बंद पडली, त्यांतल्या सफाई कामगार घरी बसल्या. पुढे हॉटेलं उघडली तेव्हा पाहुणा आत राहत असताना कर्मचाऱ्यांनी खोलीत पाऊल ठेवायचं नाही, असा नियम झाला. त्या काळात हा नियम शहाणपणाचाच होता. विषाणू कसा पसरतो याची पुरती कल्पना कुणालाच नव्हती, आणि पाहुण्यांइतकीच भीती सफाई करणाऱ्यांनाही होती. हिल्टनने लायझॉलच्या उत्पादकांशी आणि मेयो क्लिनिकशी हातमिळवणी करून स्वच्छतेची नवी योजना जाहीर केली. सफाईनंतर खोलीत कुणी गेलेलं नाही, हे पाहुण्याला कळावं म्हणून दाराला कागदी सील लावलं जाऊ लागलं. पण एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने स्पष्ट केलं, की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने संसर्ग होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. लसीकरणही जोरात सुरू झालं होतं. म्हणजे खोलीत न जाण्यामागचं वैद्यकीय कारण त्या उन्हाळ्यापर्यंत बरंच विरलं होतं.

नियम मात्र विरला नाही, उलट पक्का झाला. जुलै २०२१ मध्ये हिल्टनने जाहीर केलं, की वॉल्डॉर्फ अस्टोरिया, कॉनरॅड यांसारखी आलिशान हॉटेलं सोडली तर अमेरिकेतल्या बाकीच्या हॉटेलांत पाहुण्याने मागितली तरच सफाई होईल. मुक्काम लांबला तर पाचव्या दिवशी आपोआप होईल. २०२३ मध्ये मॅरियटने आपल्या हॉटेलांच्या पायऱ्या पाडल्या: सर्वांत महागड्या हॉटेलांत रोज संपूर्ण सफाई, त्याखालच्यांत रोज वरवरची आवराआवर, त्याहून खालच्यांत एक दिवसाआड. त्याआधीच, फेब्रुवारी २०२१ मध्ये, हिल्टनचे प्रमुख ख्रिस्तोफर नासेटा यांनी गुंतवणूकदारांपुढे सांगितलं होतं, की संकटातून बाहेर पडताना आपल्या ब्रँडांचा नफ्याचा वाटा वाढलेला असेल आणि त्यांना पूर्वीपेक्षा कमी मनुष्यबळ लागेल; ज्या विभागांत बचत करायची त्यांत त्यांनी हाउसकीपिंगचा उल्लेख केला होता. हे विधान महत्त्वाचं आहे, कारण ते पाहुण्यांसाठी छापलेल्या कार्डावरचं नाही. गुंतवणूकदारांशी बोलताना ना आरोग्याचं कारण पुढे केलं गेलं, ना पर्यावरणाचं.

शिवाय ही कल्पना साथीच्या काळात जन्मलीच नव्हती. २००९ च्या सुमारास स्टारवूड या साखळीने ‘मेक अ ग्रीन चॉइस’ नावाची योजना आणली. सफाई नाकारा, पाणी आणि वीज वाचवा, आणि त्याबदल्यात पाच डॉलरचं कूपन किंवा पुढच्या मुक्कामासाठी गुण मिळवा, अशी ती होती. पुढे स्टारवूड मॅरियटमध्ये विलीन झाली आणि योजनाही तिकडे गेली. २०१८ मध्ये आठ शहरांतल्या सुमारे ७,७०० मॅरियट कामगारांनी संप केला, त्यांच्या तक्रारींत ही योजना होती. एकट्या हवाईत रॉयल हवाईयन, शेरटन वायकिकी, मोआना सर्फरायडर अशा नावाजलेल्या रिसॉर्टमधल्या २,७०० जणांचा संप ५१ दिवस चालला. साथीच्या दीड वर्ष आधीचं हे भांडण आहे. तेव्हा हॉटेलांना पाहुण्याकडून नकार मिळवण्यासाठी पाच डॉलर मोजावे लागत होते. साथीनंतर तो नकार फुकटात मिळाला, कारण आता मागायचं पाहुण्याने होतं.

आता खोलीच्या आत काय होतं ते पाहू, कारण सगळा वाद अखेर तिथेच येऊन पोचतो. समुद्रकिनाऱ्यावरच्या रिसॉर्टमधली एक खोली घ्या: दोन मोठे पलंग, सोफ्याचा ओढून होणारा तिसरा, आईवडील आणि तीन मुलं, सहा रात्री. रोज कुणी आत येत असेल तर प्रत्येक दिवसाचा पसारा त्या दिवसापुरता असतो. वाळू झाडली जाते, कचरा उचलला जातो, ओले टॉवेल बदलले जातात, शॉवरच्या काचेवरचा साबणाचा थर ओला असतानाच पुसला जातो. सहा दिवस कुणीच आत गेलं नाही, तर सातव्या दिवशी सकाळी दार उघडणाऱ्या बाईसमोर पिझ्झ्याचे खोके, डायपर, टबाच्या जाळीत केस आणि वाळूचा गोळा, गालिच्यात रुतलेला चिवडा-चिप्सचा चुरा, कोपऱ्यात रचून ठेवलेले कुबट वास मारणारे वीसएक टॉवेल, आणि सनस्क्रीनने पिवळट झालेल्या चादरी असतात. काचेवरचा थर एव्हाना वाळून दगड झालेला असतो. तो पुसून जात नाही, रसायन मारून, थांबून, घासून काढावा लागतो. मोठ्या पलंगाची गादी पन्नास किलोच्या आसपास असते आणि चादरीचे कोपरे घट्ट खोचायला ती प्रत्येक कोपऱ्यात उचलावी लागते. तीन वाजता पुढचं कुटुंब येणार असतं. त्यांना खोली नवी कोरी दिसायला हवी, आणि मागचे लोक सहा दिवस कसे राहिले याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं.

वेळेचा हिशेब ढोबळपणे मांडून पाहता येतो. पाहुणा राहत असलेली खोली आवरायला वीस मिनिटं आणि पाहुणा सोडून गेलेली खोली पुरती तयार करायला चाळीस मिनिटं धरली, तर सहा रात्रींच्या मुक्कामात पाच वेळा आवरणं आणि शेवटची सफाई मिळून १४० मिनिटं होतात. मधल्या पाच फेऱ्या गाळल्या आणि साचलेल्या घाणीमुळे शेवटच्या सफाईला चाळीसऐवजी साठ मिनिटं लागली, तर पगाराची ८० मिनिटं वाचली. हॉटेलच्या दृष्टीने ही बचत आहे. पण ती साठ मिनिटं कामगाराला क्वचितच मिळतात. दिवसाला चौदा, पंधरा, सोळा खोल्या असा कोटा असतो आणि तो ठरवताना हलक्या आणि जड खोल्यांचं मिश्रण गृहीत धरलेलं असतं. हलक्या खोल्या गेल्या, उरल्या त्या सगळ्या जड. काही युनियनच्या करारांत चेकआउटच्या खोल्या ठरावीक संख्येपलीकडे गेल्या तर कोट्यातून एक-दोन खोल्या वजा होतात. जिथे असा करार नाही तिथे ती बाई जेवणाची सुट्टी सोडते, किंवा धावते.

तास कमी होण्याचा अर्थ अमेरिकेत फक्त पगार कमी होणं एवढाच नसतो. तिथे कष्टकरी माणसाचा आरोग्य विमा बहुधा नोकरीला बांधलेला असतो, आणि नोकरी ‘पूर्ण वेळ’ धरली जाते की नाही हे तासांवर ठरतं. ओबामांच्या काळातल्या कायद्यानुसार आठवड्याला सरासरी तीस तास भरले तर मोठ्या मालकाने विम्याची सोय करायची असते. युनियनच्या विमा योजनांनाही महिन्याला अमुक तास भरण्याची अट असते. रोजची सफाई बंद झाली की उद्या किती खोल्या होतील हे पाहुण्यांच्या मर्जीवर ठरू लागतं. मग ज्या बाईला पूर्वी आठवड्याचं वेळापत्रक आधी मिळायचं, ती संध्याकाळी फोनची वाट पाहते. मुलं कुणाकडे ठेवायची, दुसरी नोकरी धरायची की नाही, हे काहीच ठरवता येत नाही. तासांचा उंबरठा चुकला तर विमा जातो. हॉटेलच्या कार्डावर ‘आपल्या सोयीनुसार सफाई’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा त्या सोयीच्या दुसऱ्या टोकाला ही गैरसोय असते, आणि पाहुण्याला ती दिसण्याची काही शक्यताच नसते.

हे काम शरीराला किती महाग पडतं याचा पुरावा साथीच्या आधीपासून उपलब्ध आहे. अमेरिकेतल्या पाच कंपन्यांच्या पन्नास हॉटेलांमधल्या २००३ ते २००५ या काळातल्या दुखापतींच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या आणि २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सगळ्या कामगारांत मिळून वर्षाला दर शंभर जणांमागे ५.२ दुखापती होत होत्या. खोल्या साफ करणाऱ्यांत हे प्रमाण ७.९ होतं, आणि त्यांतही लॅटिन अमेरिकी वंशाच्या बायकांत सर्वाधिक. पाठ, खांदे, मनगटं यांची ही दुखणी. कॅलिफोर्नियाने जुलै २०१८ पासून हॉटेलच्या सफाई कामगारांच्या सांधे-स्नायूंच्या दुखापती रोखण्यासाठी स्वतंत्र सुरक्षा नियम लागू केला, तो अशाच नोंदींमुळे. हलकी खोली ही या कामातली विश्रांती होती. ती काढून घेतल्यावर शरीराचं काय होईल, हे समजायला नव्या अभ्यासाची वाट पाहण्याची गरज नाही.

एकूण झळ किती, याचा अंदाज ‘युनाइट हिअर’ या हॉटेल कामगारांच्या युनियनने जून २०२१ मध्ये मांडला: रोजची सफाई सगळीकडे बंद झाली तर अमेरिकेतल्या हॉटेल सफाईच्या नोकऱ्यांपैकी ३९ टक्क्यांपर्यंत नोकऱ्या जातील आणि कामगारांची वर्षाला ४.८ अब्ज डॉलरची मजुरी बुडेल. हा आकडा युनियनचा आहे, त्यात तिचा स्वार्थ आहे, आणि तो सगळ्यांत वाईट शक्यता धरून काढलेला आहे; तेवढा भाग वजा करूनच तो वाचावा. पण दिशेबद्दल वाद नाही, कारण खर्च घटणार हे कंपन्याच सांगत होत्या, आणि हॉटेलात हा खर्च म्हणजे मुख्यतः माणसं. लास व्हेगासमध्ये लॅटिन अमेरिकेतून आलेल्या आणि वायकिकीत फिलिपिनी वंशाच्या बायका या कामात मोठ्या संख्येने आहेत. पाहुण्याला मात्र दरात सवलत मिळाली नाही. हवाईतल्या हॉटेलांचा सरासरी दर २०१९ मध्ये रात्रीला २८० डॉलरच्या आसपास होता, तो २०२२ मध्ये ३७० च्या घरात गेला. खोल्या पूर्वीइतक्या भरत नव्हत्या, तरीही. महागाई वाढली होती हे खरं, पण साबणापासून पगारापर्यंत सगळं महागलं म्हणून दर वाढवायचा आणि सेवाही कमी करायची, हे दोन्ही एकाच वेळी करताना ग्राहकाला फक्त दुसऱ्याचं कारण सांगितलं गेलं, आणि तेही चुकीचं.

या बदलाच्या बाजूने कंपन्यांचं सर्वांत भक्कम म्हणणं असं: पाहुण्यांनाच हे हवं आहे. आपल्या वस्तू पसरलेल्या असताना परक्या माणसाने खोलीत यावं, हे कित्येकांना आवडत नाही; साथीनंतर तर अधिकच. हे खरं आहे, आणि त्यांच्या इच्छेला मान द्यायलाच हवा. पण त्यासाठी काही बदलण्याची गरज नव्हती. दाराच्या कडीला ‘व्यत्यय नको’ची पाटी कित्येक पिढ्यांपासून लटकते आहे, आणि ती लावली की कुणी आत येत नव्हतं. बदललं ते एवढंच, की पूर्वी न बोलणाऱ्याला सफाई मिळत होती आणि आता न बोलणाऱ्याला मिळत नाही. आणि हॉटेलात बहुतेक लोक बोलत नाहीत: कुणाला संकोच असतो, कुणाला भाषेची अडचण, कुणी फोन करून पंधरा मिनिटं थांबतं आणि नाद सोडतं. त्या न बोलण्याला पसंती समजून मोजणं बरोबर नाही. पाहुण्याची निवड कशी विचारली यावर किती हलते, हे टॉवेलांच्या बाबतीत तपासलंही गेलं आहे. गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केव्हिशियस यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खोलीतल्या कार्डावर पर्यावरण वाचवण्याचं नेहमीचं आवाहन होतं तेव्हा सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरले. इतर बहुतेक पाहुणे पुन्हा वापरतात असं लिहिलं, तेव्हा ४४ टक्क्यांनी. एक वाक्य बदलल्याने एवढा फरक पडतो, तर मुळात विचारायचं कुणी हेच उलटवल्यावर जे उत्तर मिळेल त्याला लोकांचा कौल म्हणता येत नाही.

पर्यावरणाचा मुद्दा याहून गंभीरपणे घ्यायला हवा. हवाईसारख्या बेटावर गोडं पाणी मर्यादित आहे, आणि रोज धुतलेल्या शेकडो चादरींचा भार खरा आहे. पण चादरी आणि टॉवेल न बदलण्याचा पर्याय पाहुण्यांना साथीच्या कितीतरी आधीपासून होता; त्यासाठीच तर ती कार्डं होती. पाणी आणि वीज यांचा मोठा भाग या कपड्यांच्या धुलाईत जातो. पलंग नीट करणं, कचरा नेणं, वाळू झाडणं, बेसिन पुसणं यांत त्या मानाने फारच थोडं जातं. त्यांत जातात ती माणसाची मिनिटं. चादर तीन दिवसांनी बदला आणि खोली रोज आवरा, असं सहज करता येतं आणि जुन्या पद्धतीत ते होतही होतं. दोन्ही गोष्टी एकत्र बांधून, चादरीच्या नावाने माणसाची फेरीच रद्द करणं हे पर्यावरणाचं काम नव्हे. शिवाय आठवडाभर साचलेली खोली साफ करायला अधिक तीव्र रसायनं लागतात, हाही खर्च त्याच पर्यावरणाच्या खात्यात मांडायला हवा.

तिसरं म्हणणं माणसं मिळत नसल्याचं. मे २०२२ मध्ये अमेरिकन हॉटेल अँड लॉजिंग असोसिएशनच्या पाहणीत ९७ टक्के हॉटेलांनी मनुष्यबळ अपुरं असल्याचं सांगितलं, आणि सर्वाधिक टंचाई हाउसकीपिंगचीच होती. ही टंचाई बनावट नव्हती. कित्येक बायकांनी त्या दोन वर्षांत दुसरी कामं धरली, काही निवृत्त झाल्या, काही आजारी घरच्यांची शुश्रूषा करत राहिल्या. पण टंचाई हे सेवा तात्पुरती आखडण्याचं कारण होऊ शकतं, कायमची काढून टाकण्याचं नाही. आणि घटनाक्रमही पाहायला हवा: कमी मनुष्यबळाची योजना फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितली गेली, तेव्हा लाखो हॉटेल कामगार बेकार होते. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियाला कायदा करावा लागला, की साथीत काढलेल्या हॉटेल कामगारांना नवी भरती करण्याआधी परत बोलवा. माणसं मिळत नव्हती तर असा कायदा लागलाच कशाला? काम अधिक जड आणि तास अनिश्चित केल्यावर माणसं न येणं हे नवल नाही. त्या टंचाईत काही वाटा या बदलाचाच आहे.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने मान्य करायला हवी. महामार्गावरच्या मोटेलमध्ये एक रात्र झोपून निघून जाणाऱ्याला, किंवा स्वयंपाकघर असलेल्या खोलीत महिनाभर राहणाऱ्याला, रोजच्या सफाईची गरज नसते आणि तिथे ती नसली तर कुणावर अन्याय होत नाही. घरी तरी आपण रोज चादर कुठे बदलतो, असंही विचारलं जातं. पण घरी केरसुणी असते, कचऱ्याचा डबा असतो, ओले कपडे वाळत घालायला दोरी असते. रिसॉर्टच्या खोलीत यांतलं काहीच नसतं, कारण ती खोली कुणीतरी रोज येऊन आवरणार हे धरूनच बांधलेली असते, आणि सुट्टीचं भाडंही घरकामापासून सुटका म्हणून घेतलं जातं. या बदलामागचं खरं कारण आपल्याकडे पाहिलं तर आणखी स्वच्छ दिसतं. गोव्यातही याच साखळ्यांची रिसॉर्ट आहेत. तिथे रोज खोली आवरण्याचा रिवाज टिकून आहे. विषाणू तिथेही तोच होता, पाणी तिथेही जपूनच वापरायला हवं. फरक मजुरीत आहे. गोव्यात सफाई कामगाराचा पगार इतका कमी, की तिची फेरी रद्द करून मालकाच्या हाती फारसं काही लागत नाही. म्हणजे आपल्याकडे सेवा टिकली याचा अभिमान बाळगण्याचंही कारण नाही.

मग उपाय काय? अमेरिकेत दोन वाटा आजमावल्या गेल्या, आणि त्यांची तुलना बोलकी आहे. पहिली कायद्याची. सॅन फ्रान्सिस्कोने २०२० च्या उन्हाळ्यात रोजच्या सफाईची सक्ती केली. ऑगस्ट २०२० मध्ये नेवाडा राज्यानेही लास व्हेगास आणि रीनो या भागांतल्या मोठ्या हॉटेलांसाठी तसाच कायदा केला. युनियनने तो मिळवला होता, पण तो उभा होता संसर्ग रोखण्याच्या पायावर. साथ ओसरली तसा हा पाया खचला. आता आरोग्याची आणीबाणी संपली, मग ही सक्ती कशाला, या हॉटेलांच्या प्रश्नाला कायद्याच्या चौकटीत उत्तर नव्हतं. २०२३ मध्ये विधिमंडळाने ती तरतूद रद्द केली आणि राज्यपाल जो लोंबार्डो यांनी त्यावर सही केली. कंपन्यांनी आरोग्याचं कारण पुढे करून सफाई बंद केली होती. कामगारांनीही आरोग्याचंच कारण पुढे करून ती परत मिळवली, आणि ते कारण संपताच गमावली. तासांबद्दल आणि कामाच्या भाराबद्दल थेट बोलणारा कायदा असता तर तो इतक्या सहज गेला नसता, असं माझं मत आहे. वॉशिंग्टन शहराने २०२२ मध्ये निराळं वळण घेतलं: पाहुणा नको म्हणाला नाही तर रोज सफाई व्हायला हवी, आणि हॉटेलातल्या सेवा बंद असतील तर पाहुण्याला ते कळवायला हवं. यात न बोलणाऱ्या पाहुण्याचा प्रश्न सुटतो.

दुसरी वाट कराराची. लास व्हेगासमध्ये कायदा रद्द झाल्यावर काही महिन्यांतच ‘कलिनरी’ युनियनचे एमजीएम, सीझर्स आणि विन या कंपन्यांशी असलेले करार नव्याने व्हायचे होते. सुमारे ३५,००० कामगारांनी १० नोव्हेंबर २०२३ ही संपाची तारीख ठेवली. मुदत संपायच्या आत तिन्ही कंपन्यांशी पाच वर्षांचे करार झाले, आणि त्यांत पगारवाढीबरोबर रोजची सफाई आणि खोल्या साफ करणाऱ्यांच्या कामाचा भार कमी करणं ही कलमं आली. हॉटेलं बुडाली नाहीत, पाहुणे रागावून परत गेले नाहीत. हवाईत मात्र ते इतक्या सहज झालं नाही. १ सप्टेंबर २०२४ च्या सुमारास देशभरातले सुमारे १०,००० हॉटेल कामगार काही दिवसांच्या संपावर गेले. साथीच्या काळात केलेली कपात मागे घ्या, ही त्यांची एक मुख्य मागणी होती. पुढे २४ सप्टेंबरला वायकिकीतल्या हिल्टन हवाईयन व्हिलेजमध्ये बेमुदत संप सुरू झाला, तो नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, सुमारे चाळीस दिवस चालला. २,८०० हून अधिक खोल्यांच्या त्या रिसॉर्टच्या दारात रात्रंदिवस ढोल आणि घोषणा होत्या. सॅन फ्रान्सिस्कोतला संप तर हिल्टनशी २४ डिसेंबरला तडजोड होईपर्यंत ९३ दिवस चालला.

या वाटेची मर्यादा उघड आहे: अमेरिकेतल्या बहुसंख्य हॉटेलांत युनियनच नाही. तिथल्या बायकांच्या बाजूने टेबलावर बसायला कुणी नाही, आणि पाहुण्याला तर कुठेच खुर्ची नाही. निदान त्याला भाडं भरण्याआधी माहिती मिळायला हवी. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा नवा नियम १२ मे २०२५ पासून लागू झाला. त्यानुसार हॉटेलांना रिसॉर्ट फीसकट संपूर्ण दर सुरुवातीलाच दाखवावा लागतो. त्या दराच्या शेजारी एक ओळ आणखी हवी: या दरात खोली किती दिवसांनी आवरली जाईल. एवढं छापायला खर्च काही नाही, आणि ज्या हॉटेलांना कमी सफाई ही पाहुण्यांचीच पसंती वाटते त्यांना ती लपवण्याचं कारणही नाही. ज्याला रोजची सफाई नको त्याला तेवढा दर कमी करून द्यावा. मग खरी पसंती किती ते कळेल. तोवर तिकडे जाणाऱ्या आपल्या लोकांना करता येण्यासारखं एवढंच, की बुकिंग करताना हा प्रश्न विचारावा, काउंटरवर रोजची सफाई मागून घ्यावी आणि ती मागितल्याचा संकोच धरू नये. त्या मागणीने कुणावर भार पडत नाही, उलट कुणाचे तरी तास भरतात. लास व्हेगासचे करार २०२८ मध्ये संपतील, आणि रोजच्या सफाईचं कलम तेव्हा पुन्हा वाटाघाटीला येईल.